ओटीवर आता कुणी बसत नाही. बैठक कशी मांडू?

आगरवाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे आमचं घर आहे. जांभ्याचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढे पडवी, तीन पायऱ्या चढून ओटी, मग माजघर. आम्ही दोघं ३१ वर्षं डोंबिवलीत काढून २०२२ साली कायमचे इथे आलो. सासूबाई पहिल्यापासून इथेच आहेत, आता ८४ वर्षांच्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ओटीवरची सगळी कौलं गेली, दोन वासे मोडले. आगरात आडव्या पडलेल्या माडा-पोफळींमधून वाट काढत विहिरीवर जावं लागत होतं. पाऊस तोंडावर होता, म्हणून घाईघाईत ओटीवर पत्रा टाकला. मग आम्ही राहायला आलो तेव्हा मी हौसेनं ओटीचा हॉल करून घेतला. तांबडा कोबा होता, त्यावर पांढरीशुभ्र गुळगुळीत फरशी बसवली. पुढची बाजू मोकळी होती, तिथे सरकत्या काचा लावल्या. भिंतींना चकचकीत ऑइलपेंट दिला. झोपाळा मध्ये येतो म्हणून काढून पोटमाळ्यावर टाकला आणि डोंबिवलीहून एल आकाराचा बदामी सोफा आणला. समोर टीव्ही.

फोटोत छान दिसतं. पण माणसं बसत नाहीत.

शेजारच्या काकी रोज सकाळी बेडे, म्हणजे गळलेल्या सुपाऱ्या, वेचायला जाताना आमच्या दारावरून जातात. पूर्वी त्या झोपाळ्यावर बसून सासूबाईंशी तासभर बोलायच्या, बोलता बोलता अडकित्त्यानं सुपारी कातरायच्या. आता खालच्या पायरीशी थांबतात. उजवा पाय पायरीवर, हात खांबाला, आणि तिथूनच "काय चाललंय गो?" मी आत या म्हटलं की आपल्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "नको, पाय चिखलाचे आहेत." उन्हाळ्यात धुळीचे असतात. तीन वर्षांत त्या एकदाही आत येऊन बसल्या नाहीत. त्या एकट्याच नाहीत. पोस्टमन, नारळ पाडायला येणारा, वाडीतल्या बायका, सगळे पायरीवरूनच बोलून जातात.

सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. सोफ्यावर बसल्या तर रुतून जातात, उठवायला कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून त्या दिवसभर आतल्या खोलीत खाटेवर असतात. ज्या बाईनं ६० वर्षं ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली, ती आता भिंतीकडे बघत पडून असते. याचं मला फार वाईट वाटतं. हे माझ्या हातून झालंय.

शिवाय पावसाळ्यात सोफ्याला खालून पांढरी बुरशी धरते, मागच्या भिंतीचा रंग फुगून त्याचे पापुद्रे पडतात. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

ओटी १८ बाय ११ फूट आहे. हाताशी साठेक हजार रुपये आहेत. पाऊस यायला तीन आठवडे. आधी काय करू?

खळ्यातली

मी कुडाळकडची. आमच्याकडे पायरीवर थांबलेल्या माणसाला कुणी "आत या" म्हणत नाही, "बसा मगे जरा, खय चाललास?" म्हणतात. पण बसायला काहीतरी दिसायला हवं ना! तुमच्या पडवीत बाक आहे का? प्रश्नात कुठे दिसला नाही.

भिंतीचं आधी सांगते, कारण आम्ही त्यातून गेलोय. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसात पाणी पितो, ऊन पडलं की सोडतो. वर ऑइलपेंटचं कातडं चढवलं की आतला ओलावा बाहेर पडायला जागा शोधतो आणि रंगाला फुगे येतात. कितीही वेळा रंगवलंत तरी येणार. तो रंग पार प्लास्टरपर्यंत खरवडा. वरून चुना मारलात तर टिकणार नाही, तेलकटावर चुना बसत नाही. भिंत उघडी झाली की चुन्याचे पातळ तीन हात द्या. कळीचा चुना विरवून निदान आठवडाभर मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं. विरवताना तो उकळतो आणि उडतो, डोळे सांभाळा. आम्ही त्यात थोडी पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, घालतो. संध्याकाळी दिवा लावला की त्या भिंतीला जो रंग येतो तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. हे सगळं पावसाआधी झालं पाहिजे, आणि ते तुमच्या साठ हजारांत सहज बसेल.

सोफा, कपाट, काहीही भिंतीला टेकवून ठेवू नका. चार बोटं तरी वारा खेळायला जागा हवी. तसबिरींचंही तेच, चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना लाकडाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल कागदाला लागत नाही. आमच्या बैठकीत सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची, दहा पानं एका चौकटीत लावली आहेत, दहा अवतारांचे दहा राजे. पूर्ण जोड १२० पानांचा असतो, बाकीची ११० पानं खाली डब्यात आहेत आणि पोरं ती काढून खेळतात. नवखा पाहुणा आला की मत्स्य, कूर्म, वराह मोजत उभा राहतो आणि बोलणं आपोआप सुरू होतं. शेजारी पिंगुळीचं एक चित्रकथीचं चित्र आहे, चित्रं दाखवत गोष्ट सांगतात त्यातलं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यानंतर आमच्या गावातल्या पोरांनासुद्धा ही चित्रं काय आहेत ते कळलं. तुमच्याकडचं काही असेल तर ते लावा. घरातली जुनी वस्तू असेल तर आणखी चांगलं.

एक भिंत मात्र पूर्ण रिकामी ठेवा, गणपतीची. आमच्याकडे त्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढतात आणि वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधतात. तिथे टीव्ही लावला असेल तर आजच काढा.

रंधा-पटाशी

मी राजापूरचा. सुतारकाम घरातच, माझी तिसरी पिढी.

झोपाळा खाली आणा. पण टांगण्याआधी ज्या तुळईला तो होता ती बघा. वादळात दोन वासे मोडलेत, म्हणजे तुळईलाही हिसका बसलेला असणार. शिडी लावून टोकापासून टोकापर्यंत हातोडीनं हळू ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, वाळवीनं खाल्लेलं पोकळ. जिथे आवाज बदलतो तिथे पटाशीचं टोक टेकवून बघा. तुळई भिंतीत शिरते ती दोन्ही टोकं नीट तपासा, ओल तिथे धरते. सगळं ठीक असेल तर तुळईतून आरपार बोल्ट घाला, वर जाड पट्टी आणि दुहेरी नट. नुसता स्क्रूचा हूक नको. कड्या पितळी असतील तर उत्तम, लोखंडी असतील तर खाऱ्या हवेनं खाल्लेल्या आहेत का ते एकेक करून पाहा.

पाट जमिनीपासून १८ इंचांवर येऊ दे. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत. ११ फूट रुंदीत झोपाळा आडवा टांगलात तर वाट अडते, लांबीच्या बाजूला एका टोकाला घ्या. आणि तोंड पाखाडीकडे, म्हणजे घरापुढच्या पायवाटेकडे. झोपाळ्यावर बसणाऱ्याला येणारा माणूस दिसला पाहिजे, तरच तो हाक मारणार.

पण सासूबाईंना झोपाळ्यावर बसवू नका. बसताना तो मागे सरकतो, ८४ व्या वर्षी ते धोक्याचं. त्यांना खुर्ची करा. सोफ्यावरून उठता का येत नाही ते सांगतो. माणूस उठताना आधी पाय गुडघ्यांच्या मागे घेतो, मग पुढे झुकतो, मग हातांनी जोर देतो. तुम्ही स्वतः करून बघा. सोफा खालून बंद असतो, पाय मागे जायला जागाच नाही. बैठक मऊ, म्हणून कंबर गुडघ्यांच्या खाली जाते. हात रुंद आणि गुबगुबीत, म्हणून पकड नाही. तिन्ही चुका एकाच वस्तूत. खुर्ची अशी हवी: बैठक १९ इंच उंच, पण त्या बुटक्या असतील तर तळपाय पूर्ण टेकतील एवढीच. खोली १६-१७ इंच, त्याहून जास्त नको, नाहीतर पाठ टेकत नाही. बैठकीखाली समोरून मोकळं, आडवी पट्टी लावायची असेल तर मागे लावा. हात बैठकीपासून आठ-नऊ इंच वर, आणि पुढचं टोक बैठकीच्या कडेच्या थोडं पुढे आलेलं, मुठीत धरता येईल असं गोल. वर दोन इंचांची काथ्याची गादी, सुती खोळ घालून. कापूस पावसाळ्यात ओल धरतो, काथ्या लवकर सुकतो.

लाकूड फणसाचं घ्या. नवं असताना पिवळंधमक दिसतं, पुढे वर्षावर्षाला तांबूस होत जातं. वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण वाळलेलं हवं, ओल्या लाकडाचं काम पावसात फुगतं आणि दिवाळीनंतर सांध्यांना फटी पडतात. वाश्यांना हवं तर काजूच्या टरफलांचं तेल लावा. बसायच्या लाकडाला ते कधीच नको, कातडीला फोड येतात.

पत्र्याचं काम आता काढू नका, तीन आठवड्यांत होणार नाही. दिवाळीनंतर पत्र्यावर रिपा मारून वर मंगलोरी कौलं चढवा. आवाज आणि ऊन दोन्ही उतरतं. पण एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा लागतात. तुमच्या ओटीवर सातशे-आठशे किलो चढणार, तेवढं वासे पेलतील का ते आधी बघून घ्या. जुनी कौलं विकत घेतलीत तर एकाच छापाची घ्या, वेगळ्या कारखान्यांची एकमेकांत बसत नाहीत आणि गळतात. पाठीवर १८६५ दिसलं म्हणून ते कौल तेव्हाचं समजू नका. बासेल मिशनचा मंगलोरचा कारखाना त्या साली सुरू झाला, तेच साल ते छापत राहिले.

सोफा टाकू नका. त्याचे दोन भाग सुटे होत असतील. लांबडा भाग आत न्या, खालचं कापड फाडून काढा म्हणजे वारा लागेल, आणि चार इंचांचे पाय लावा.

चौलची

पायांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या काकी लाजत नाहीत, खरं तेच सांगतायत. पाय चिखलाचे आहेत आणि फरशी पांढरी आहे. कोब्यावर चिखल पडला तरी संध्याकाळी झाडून जायचा. आता त्यांच्या पावलांचा ठसा उमटणार, आणि तुम्ही तो पुसणार हे त्यांना ठाऊक आहे. ज्या घरातली बाई आपल्या मागे फडकं घेऊन येणार, तिथे आपण तरी कशा बसू? माझी आई याच कारणासाठी माझ्या मुंबईच्या नणंदेकडे दारातल्या खुर्चीवर बसायची.

आमच्याकडे पडवीच्या पायरीशी दगडी दोण आहे, पाण्याची कुंडी, कायम भरलेली, वर तांब्या पालथा. येणारा माणूस न विचारता पायांवर पाणी घेतो आणि चढतो. "पाय धुऊन या" असं कुणाला म्हणावं लागत नाही. पाणी ठेवलंत की झालं. पुढे पायरीपासून बसायच्या जागेपर्यंत काथ्याची जाड पट्टी अंथरा, गडद रंगाची. फरशी उखडू नका, उगाच पैसे जातील.

दिवा पिवळा लावा, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला. आणि तो डोक्यावर मधोमध नको, बसणाऱ्याच्या बाजूला भिंतीवर असू दे. पांढऱ्या ट्यूबखाली सगळेच आजारी दिसतात. टीव्ही माजघरात न्या.

चाकरमानी_ठाणे

टीव्हीबद्दल थोडा वेगळा विचार. आमच्या आजीला संध्याकाळची मालिका हवीच असते आणि ती बघायला शेजारच्या दोघी येतात, म्हणजे टीव्हीनंही माणसं जमतात. सासूबाईंना विचारून ठरवा.

दुसरं, गणपतीत आम्ही २२ जण घरी उतरतो. रात्री ओटीवर आडवे पडायला जागा असली की मग सोफा असो नसो. मोठ्या वस्तू दोन माणसांनी उचलून हलवता येतील एवढ्याच ठेवा. आणि भिंतीला खुंट्या! ओल्या छत्र्या आणि पिशव्या टांगायला जागा नसते म्हणून सगळं खुर्च्यांवर पडतं आणि मग माणसं उभी राहतात.

आगरवाडी

दोन महिने झाले. सगळ्यांना एकदम उत्तर देते. उशीर झाला, माफ करा.

चौलची, तुमचं लिहिलेलं वाचून मी त्या दिवशी फरशीकडे बघत बसले. काकी गेल्या की मी पायरी पुसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओल्या फडक्यानं, त्या फाटकापर्यंत पोचायच्या आत. त्यांनी ते किती वेळा पाहिलं असेल!

आमचीही दोण होती. परसात चिकूखाली, नेच्यांनी भरलेली, २०२२ च्या कामात गवंड्यांनी बाजूला सारली होती. चौघांनी उचलून पडवीच्या पायरीशी आणली. सासूबाईंनी आतून विचारलं, "दोण आणलीत का?" खरवडल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

रंधा-पटाशी, वाळलेल्या लाकडाचं तुम्ही लिहिलंत आणि ह्यांना आठवलं. वादळात विहिरीजवळचा फणस पडला होता, त्याच्या फळ्या कापून गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. पाच वर्षं वाळल्या. त्यातून गावच्या सुतारानं तुमच्या मापानं खुर्ची केली. बैठक मात्र साडेसतरा इंचांवर आणावी लागली, सासूबाईंचे तळपाय १९ ला टेकेनात. उरलेल्या दोन फळ्यांचं पडवीत साडेचार फुटांचं बाक झालं. खर्च मजुरीचाच.

तुळई ठोकून पाहिली. उजवीकडचं भिंतीतलं टोक वीतभर पोकळ निघालं. खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा खांब चढवून घेतला आणि झोपाळा डावीकडे सरकवला. आता तो खिडकीच्या टोकाला आहे, तोंड पाखाडीकडे. खुर्ची त्याच्या समोर नाही, काटकोनात आहे, दोन हातांवर. पत्र्याचा आवाज दिवाळीपर्यंत राहणारच, पण एवढ्या जवळून एकमेकींचं ऐकू येतं.

खळ्यातली, एक भिंत खरवडून झाली तोच पाऊस आला. चुना तिच्यापुरताच लागला, बाकीच्या तीन दिवाळीनंतर. पण ती एक भिंत, पिवडी घातलेली, या पावसात अजून कोरडी आहे. तिच्यावर काही लावलेलं नाही, गणपती तिथेच बसेल. पुढच्या दोन काचा रुळातून काढून पोटमाळ्यावर ठेवल्या आणि झडीच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले. सोफ्याचा लांब भाग माजघरात गेला, आखूड भाग भाच्यानं नेला. टीव्ही सासूबाईंनी माजघरातच मागितला. सागवानी पट्टीवर सात खुंट्या ठोकल्या, त्यातल्या तीनवर कायम कुणाच्या तरी छत्र्या असतात.

काकी पहिले आठ दिवस पडवीतल्या बाकावरच बसल्या. मी आत या म्हटलं नाही, फक्त गूळ आणि पाणी बाकावर नेऊन ठेवत होते. नवव्या दिवशी पावसाची सर आली, बाकावर झड यायला लागली. त्यांनी दोणीतलं पाणी पायांवर घेतलं, पोटऱ्या चोळल्या, लुगड्याचा काठ पिळला आणि तीन पायऱ्या चढल्या. काथ्याच्या पट्टीवरून चालताना एक पाऊल चुकून फरशीवर पडलंच. त्या थांबल्या, ठशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हातातले तांदूळ निवडत राहिले. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "बघत काय राहिलीस, बस की." काकी झोपाळ्यावर बसल्या, कनवटीची सुपारी काढली आणि विचारलं, "अडकित्ता कुठेय गो तुमचा?"

अडकित्ता आता त्या खिडकीच्या कट्ट्यावर, पानाच्या डब्याशेजारी असतो. सासूबाई सकाळी सातला स्वतः उठून खुर्चीत येतात, हात धरावा लागत नाही.

रंधा-पटाशी, एकच विचारायचं राहिलं. झोपाळ्याची डावीकडची पितळी कडी करकरते. खोबरेल घातलं, दोन दिवस गप्प बसते आणि पुन्हा सुरू. काय घालू?

रंधा-पटाशी

खोबरेल पातळ, लगेच उतरून जातं, शिवाय धूळ धरतं. दोघांनी पाट उचलून धरा म्हणजे कडी सैल होईल. जुनं तेल फडक्यानं पुसून काढा आणि घासते त्या जागी मेण चोळा, नाहीतर बोटभर ग्रीस लावा. पुसताना कडीच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. तिथे खाच पडून जाडी निम्मी झाली असेल तर त्याच दिवशी बदला, तोवर कुणी बसू नका. बदललीत तर चारही एकदम बदला, एकट्या नव्या कडीनं झोपाळा तिरका होतो.